गिरडचे व्यापारी आणि व्हिटबीचे साप

दिवाळीला लीड्सहून आलेल्या नातीने आल्या आल्या माझ्या हातात एक साप ठेवला.

साप दगडाचा. वेटोळं घालून निजलेला, तळहातावर मावेल एवढा, अंगावर बारीक वळ्या आणि बाहेरच्या टोकाला इवलंसं डोकं. डोळेसुद्धा होते. मी चष्मा शोधायला उठलो, तर ती म्हणाली, "आबाजी, हा व्हिटबीचा आहे. आमची शाळेची सहल गेली होती. तिथे समुद्राच्या कड्यावर एक साध्वी राहायची. तिने गावातल्या सगळ्या सापांचे दगड केले."

धाकटा नातू दारात उभा राहून ऐकत होता. तो इथलाच, समुद्रपूरच्या शाळेत सहावीत. विलायती सापाचं त्याला काडीचं कौतुक नव्हतं. "त्यात काय मोठं?" तो म्हणाला. "आपल्या गिरडच्या बाबांनी तं आख्खं दुकानच गोटे करून टाकलं होतं."

झालं. दोघांची जुंपली. कुणाच्या संताचा चमत्कार मोठा, यावर पैज लागली आणि पंच म्हणून मला बसवलं. मी तीसेक वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, पण असा खटला माझ्यापुढे कधी आला नव्हता. म्हटलं, आधी दोन्ही फिर्यादी नीट ऐकून घेऊ.

गिरडची फिर्याद अशी. शेख ख्वाजा फरीद नावाचे एक फकीर तीस वर्षं रानोमाळ हिंडून १२४४ च्या सुमारास आपल्या गिरडच्या टेकडीवर येऊन राहिले. एकदा दोन फिरते व्यापारी माल घेऊन तिथून चालले होते. त्यांनी बाबांची थट्टा केली. बाबांनी एकदा पाहिलं, आणि गोण्यांमधला सगळा माल दगड झाला. व्यापारी पायावर पडले. बाबांनी मग झाडाची वाळलेली पानं घेऊन त्यांचा नवा माल करून दिला. व्यापाऱ्यांनी व्यापार सोडला, जन्मभर बाबांची सेवा केली, आणि टेकडीवरच्या दोन कबरी त्यांच्याच आहेत असं सांगतात. इंग्रज अमलातल्या गॅझेटियरमध्येही ही गोष्ट छापलेली आहे. दगड झालेला माल अजून टेकडीवर पसरलेला आहे. गोल, लांबट, बोटाच्या पेराएवढे, लिंबाएवढे गोटे. कुणाला त्यात सुपारी दिसते, कुणाला जायफळ, कुणाला खारीक.

व्हिटबीची फिर्याद अशी. इंग्लंडच्या यॉर्कशायर परगण्यात उत्तर समुद्राच्या काठी हे गाव. ६५७ मध्ये तिथे हिल्डा नावाच्या साध्वीने मठ बांधायला घेतला, पण जागा सापांनी भरलेली. हिल्डाने प्रार्थना केली, साप वेटोळी घालून दगड झाले आणि कड्यावरून खाली पडले. कथबर्ट नावाच्या दुसऱ्या एका संताच्या शापाने त्यांची मुंडकी गळून गेली. हिल्डा ६८० मध्ये वारली. कड्याखालच्या किनाऱ्यावर हे दगड आजही सापडतात. गावाच्या मानचिन्हावरसुद्धा असे तीन दगडी साप आहेत.

"मुंडकी गळाली, तर मग ह्याला डोकं कसं?" नातवाने विचारलं. वकील होईल पोरगा.

मी भिंग लावून पाहिलं. डोक्यावर छिन्नीचे ओरखडे होते. शे-दीडशे वर्षांपूर्वी व्हिटबीला हवापालटाला येणाऱ्या लोकांना बिनडोक्याचे साप विकणं जड जायचं, म्हणून तिथल्या विक्रेत्यांनी डोकी कोरून द्यायला सुरुवात केली. गिऱ्हाइकाला जे हवं ते द्यायचं, हा धर्म सगळीकडे सारखाच. नातीचा चेहरा पडला. मी म्हटलं, "डोकं खोटं असेल, पण बाकीचं सगळं खरं आहे. आणि ते सापापेक्षा फार जुनं आहे."

हा अमोनाइट. समुद्रात राहणारा मऊ अंगाचा प्राणी. आजच्या म्हाकूळ आणि ऑक्टोपसच्या गोतातला, पण अंगावर शंख असलेला. शंखाच्या आत कप्पे असत. जनावर वाढलं की पुढचा मोठा कप्पा बांधून तिथे राहायला जाई आणि मागचा बंद करी. मागच्या कप्प्यांत हवा, म्हणून तो पाण्यात तरंगे. घर वाढवत न्यायचं, पण जुन्या खोल्या पाडायच्या नाहीत, आपल्या वाड्यांसारखंच. नातीच्या हातातला दगड सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचा. तेव्हा जगात साप जवळपास नव्हतेच, आणि साधूसंत तर नव्हतेच नव्हते. १८६७ मध्ये अल्फियस हायॅट नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने व्हिटबीकडच्या एका जातीला 'हिल्डोसेरस' हे नाव दिलं. म्हणजे शास्त्राने चमत्कार नाकारला, पण बाईंचं नाव सोडलं नाही. मला हे आवडतं.

बरं, ही गोष्ट एकट्या व्हिटबीचीही नाही. इंग्लंडच्या पार दुसऱ्या अंगाला, ब्रिस्टलजवळ केन्शम म्हणून गाव आहे. तिथेही अमोनाइट निघतात, आणि तिथेही केन नावाच्या साध्वीने सापांचे दगड केल्याचं सांगतात.

"आणि आपल्या घरात?" मी विचारलं.

दोघंही गप्प. मी देवघराकडे बोट केलं. माझ्या आजीच्या काळापासून तिथे एक काळा गुळगुळीत शाळिग्राम आहे. कुणीतरी यात्रेहून आणलेला. फुटलेल्या बाजूला आत चक्र दिसतं. नात पुढे झाली, वाकून पाहिलं आणि एकदम ओरडली, "आबाजी! हा तर तोच आहे!"

तोच. नेपाळात मुक्तिनाथाच्या डोंगरांतून काली गंडकी वाहते, तिच्या पात्रात हे काळे गोटे मिळतात, आणि त्यांतल्या पुष्कळांच्या पोटात अमोनाइट असतो. आज तिथे बर्फाचे डोंगर आहेत, पण त्या थरांचा गाळ बसला तेव्हा तिथे टेथिस नावाचा समुद्र होता. पुढे भारताचा तुकडा उत्तरेला सरकत आशियाला जाऊन भिडला आणि समुद्राचा तळ उचलला गेला. शंख डोंगरावर चढले आणि नदीने ते परत खाली आणले. आपल्याकडची गोष्ट तर ठाऊकच आहे: वृंदेने विष्णूला शाप दिला, तू दगड होशील. म्हणजे इकडे शाप, तिकडे शाप. तिकडे साध्वीने सापाला दिला, इकडे सतीने देवाला. दगड मात्र एकाच गोताचा.

नातू मात्र हिरमुसला होता. त्याच्या गिरडचं नावच निघेना. म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं गिरडला गेलो.

टेकडीवर हिंदू-मुसलमान दोघंही जातात, नवस बोलतात. आम्ही आधी दर्ग्यापुढे माथा टेकला, मग उतारावर फिरत राहिलो. "बघा, हातात घ्या, आणि होता तिथे ठेवा," एवढंच मी सांगितलं होतं. नातीने एक गोटा उचलला. हुबेहूब सुपारी. नातवाने दुसरा आणला. त्याचं एक अंग फुटलेलं होतं आणि आत पांढुरके स्फटिक सुईसारखे मध्याकडे तोंड करून बसले होते. सुपारीच्या आत असं काही नसतं.

"मंग हे काय होतं आधी?" त्याने विचारलं. "फळ? बी? कोणतं जनावर?"

"काहीच नव्हतं," मी म्हटलं. "इथे भोक होतं."

त्याला वाटलं, मी टिंगल करतो आहे. मी त्याला अनारशाची आठवण दिली. परवाच आजीने तळले होते. पीठ आंबवलेलं, गरम तुपात पडलं की आतली हवा बाहेर पडायला धडपडते आणि अनारशाला जाळी पडते. लाव्ह्याचं तसंच. जमिनीच्या पोटात खोल असतो तोवर त्यावर केवढा तरी दाब असतो, आणि सोड्याच्या बंद बाटलीसारखे सगळे वायू त्यात विरघळून राहिलेले असतात. लाव्हा वर आला की बाटलीचं बूच उघडतं. बुडबुडे वर धावतात, पण वरचा थर तोवर थंड होऊन घट्ट होत आलेला असतो. ते तिथेच अडकतात. दगड थिजतो आणि बुडबुड्यांच्या जागी पोकळ्या राहतात. गिट्टी खदानीत जा, काळ्या दगडाच्या वरच्या भागात ही जाळी दिसते. मधला दगड मात्र भरीव असतो. खदानवाल्याला हे कुठल्या पुस्तकात वाचावं लागत नाही. घणाचा आवाजच त्याला सांगतो.

मग पुढची लाखो वर्षं त्या पोकळ्यांतून कोमट पाणी झिरपत राहतं. आपल्याकडचं पाणी जड. तापवायच्या हंड्याला आतून पांढरा थर धरतो की नाही? तसंच. पाणी दगडातलं थोडं थोडं विरघळवून आणतं आणि पोकळीच्या भिंतीवर बसवत जातं. भोक आतून भरत येतं. शेवटी वरचा काळा दगड ऊन-पावसाने कुजून माती होतो, पण आतलं भरण कठीण, ते तसंच सुटं होऊन उतारावर पडतं. म्हणजे गिरडची सुपारी हा एका बुडबुड्याचा पुतळा आहे.

आता ऐका गंमत. भूगर्भशास्त्रज्ञांनी असल्या दगडाला काय नाव दिलं? ग्रीक भाषेत बदामाला 'अमिग्डाले' म्हणतात. भोकं भरलेल्या आपल्या काळ्या दगडाला, बेसॉल्टला, ते म्हणतात अमिग्डलॉइडल, म्हणजे बदामी दगड. गिरडच्या माणसाला सुपारी दिसली, युरोपच्या पंडिताला बदाम दिसला. दोघांनाही सुकामेवाच आठवला. आता या दोघांत कोण अडाणी आणि कोण शहाणा, ते तुम्ही ठरवा. मला तर गोष्ट रचणारा जास्त चौकस वाटतो, कारण पंडिताने नुसती उपमा दिली. ह्याने माल आला कुठून, कुणाचा, दगड का झाला, सगळ्याचा पत्ता लावायचा प्रयत्न केला.

गिरडच्या गोट्यातलं भरण झिओलाइट जातीचं. या नावामागेही एक चूल आहे. १७५६ मध्ये क्रोनस्टेट नावाच्या स्वीडिश माणसाने असला एक खडा ज्योतीत धरला, तर खडा फसफसला, जणू उकळला. म्हणून ग्रीक शब्द जोडून नाव केलं: उकळणारा दगड. झिओलाइटच्या अंगात डोळ्यांना न दिसणाऱ्या वाटा असतात, पुरणाच्या चाळणीसारख्या, पण कितीतरी लाख पटींनी बारीक. त्या वाटांत पाणी बसलेलं असतं. तापवलं की वाफ होऊन निघतं. पाण्याबरोबर आत काही धातूंचे कणही असतात, आणि झिओलाइट ते सोडून दुसरे धरू शकतो. म्हणून तो जड पाणी हलकं करतो, म्हणून कपड्याच्या साबणचुऱ्यात घालतात.

इथे मला पोरांना आणखी एक गाव दाखवायचं होतं. स्कॉटलंडच्या डोंगरात स्ट्रोंशियन नावाचं एक लहानसं खेडं आहे. गेलिक भाषेत त्या नावाचा अर्थ 'पऱ्यांच्या टेकडीचं नाक'. तिथल्या शिशाच्या खाणीत एक अनोळखी खनिज निघालं, आणि १७९० मध्ये कळलं की त्यात एक नवं मूलद्रव्य आहे. गावावरून नाव पडलं स्ट्रॉन्शियम. ब्रिटनमधल्या गावावरून नाव मिळालेलं मूलद्रव्य हे एकच. काल रात्री तुम्ही अंगणात लालभडक अनार उडवला ना? लाल रंगाच्या दारूत बहुतेक स्ट्रॉन्शियमचा क्षार असतो. पऱ्यांच्या टेकडीचा रंग समुद्रपूरच्या अंगणात.

पण याच स्ट्रॉन्शियमचा एक वाईट भाऊ आहे, अणुभट्टीत तयार होणारा किरणोत्सारी. हाडांत जाऊन बसतो. इंग्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सेलाफील्ड म्हणून जागा आहे; तिथे अणुभट्ट्यांचं जळून गेलेलं इंधन पाण्याच्या टाक्यांत ठेवतात. त्या पाण्यातून हा स्ट्रॉन्शियम आणि तसाच किरणोत्सारी सिझियम पकडायला १९८५ पासून ते काय वापरतात? झिओलाइट. ते झिओलाइट अमेरिकेतल्या वाळवंटातून येतं, आपल्या गिरडहून नव्हे. पण कूळ तेच. पऱ्यांच्या टेकडीवरचं भूत धरायला फकिराच्या टेकडीचा भाऊबंद लागतो.

नातू आता खुलला होता. "म्हणजे गिरड जिंकलं?"

"थांब," म्हटलं, "अजून साक्षीदार बाकी आहेत."

परतताना आम्ही एका वावराच्या धुऱ्यावर डबा सोडला. पऱ्हाटीला बोंडं फुटली होती. नातीने विचारलं, गावाचं नाव समुद्रपूर, मग समुद्र कुठे? पूर्वेला जा की पश्चिमेला, समुद्र शेकडो कोस लांब. मी म्हटलं, पाण्याचा नाही, पण दगडाचा समुद्र इथे खरंच आला होता. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पश्चिमेकडच्या भेगांतून लाव्हा उसळला आणि थरावर थर पसरत गेला. आज उरलेला भागच सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर भरतो. सह्याद्रीकडे तो दोन किलोमीटरांहून जाड, आणि पूर्वेकडे येता येता पातळ होत जातो. नागपूरची सीताबर्डीची टेकडी म्हणजे त्याची ऐन कड. तिथून पलीकडे दुसरे, त्याहून फार जुने खडक. तेव्हा आपण दगडाच्या समुद्राच्या किनाऱ्याजवळचे रहिवासी. आपली काळी माती हा तोच लाव्हा, कुजलेला. त्यातच हिंगणघाटचा कापूस पिकला आणि अमेरिकेतल्या यादवी युद्धात तिकडचा कापूस बंद झाला तेव्हा लँकेशायरच्या गिरण्यांनी आपल्याकडे डोळे लावले. लिव्हरपूलच्या बाजारात कापसाच्या एका जातीचं नावच हिंगणघाट होतं.

आता तो ६ कोटी ६० लाखांचा आकडा लक्षात ठेवा, कारण इथे दोन्ही फिर्यादी एकमेकींना भेटतात. अमोनाइट जगात तीसेक कोटी वर्षं राहिले. एवढ्या काळात कितीतरी संकटं आली, त्यांतून ते तगले. आणि संपले कधी? नेमके तेव्हा, जेव्हा आपल्याकडे हा लाव्हा वाहत होता. त्याच सुमाराला मेक्सिकोजवळ एक प्रचंड अशनी आदळला, डायनासोर गेले, अमोनाइट गेले. मुख्य घाव अशनीचा हे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. आपल्या लाव्ह्याच्या धुराने त्याआधी किती नुकसान केलं, यावर अजून हमरीतुमरी चालू आहे. काही का असेना, शेवटचा अमोनाइट कुठल्यातरी समुद्रात बुडाला त्या दिवसांत गिरडसारख्या ठिकाणी दगडाला बुडबुडे येत होते. व्हिटबीच्या सापाचा वंश बुडाला आणि फरीदबाबांच्या दुकानाची मांडणी सुरू झाली, ती साधारण एकाच घटकेला.

आणि लाव्हा यायच्या आधी इथे काय होतं? त्याचा साक्षीदार इथून दक्षिणेला, वर्ध्याची हद्द ओलांडून वरोऱ्याजवळ, पिसदुऱ्याला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातलं हे गाव जगभरच्या शास्त्रज्ञांना माहीत आहे. आपल्याकडच्या फारच थोड्यांना. तिथल्या शेतांत लंबगोल, वळ्या पडलेले दगड मिळतात. वाटतात मातीचे गोळे. खरं काय आहे ते ऐकून दोघंही खाली बसून हसायला लागले, कारण ती डायनासोरची विष्ठा आहे, दगड झालेली.

हसून झाल्यावर मी त्यांना विष्ठेतली विद्या सांगितली. गवताचं पातं बोटाला का कापतं? कारण पात्यात वाळूच्या जातीचे अगदी बारीक कण असतात. प्रत्येक जातीच्या गवताच्या कणाचा आकार वेगळा, आणि ते कुजत नाहीत, पचत नाहीत. २००५ मध्ये अशोक साहनी, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिसदुऱ्याच्या लेंड्यांत असे कण शोधून काढले. तोवर सगळे मानत होते की डायनासोरांच्या काळात गवत नव्हतंच. पिसदुऱ्याने सांगितलं, होतं. आणि नुसतं गवत नव्हे, भाताच्या आणि बांबूच्या भावकीतलं गवत. आपल्या भंडारा-गोंदियाच्या धानाचे फार लांबचे चुलते डायनासोर चरून गेले होते. जगाचं पाठ्यपुस्तक बदललं ते शेणावरून.

या दगडाचंही विलायतेत सोयरं आहे. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर लाइम रेजिस नावाचं गाव. तिथे सुताराची मुलगी मेरी ॲनिंग कड्यांतून प्राचीन जलचरांचे सांगाडे काढून विकायची. तिच्या लक्षात आलं की सांगाड्याच्या पोटाशी काही गोटे सापडतात, आणि फोडले तर आत माशांची हाडं असतात. तिच्या निरीक्षणांवरून विल्यम बकलंड या प्राध्यापकाने ओळखलं की हा त्या जनावरांचा मळ आहे, आणि १८२९ मध्ये त्याला 'कॉप्रोलाइट' हे भारदस्त नाव दिलं. ग्रीक केलं की सगळं सोवळं होतं. या गृहस्थाने पुढे असल्या दगडांचे काप बसवून घरात एक मेज करून घेतलं. ते दगड होते एडिंबराजवळच्या वॉर्डी नावाच्या किनाऱ्यावरचे.

"वर्धा?" दोघं एकदम.

"वॉर्डी. आपलं वर्धा नदीवरून आलं, वरदा. दोघांचा काही संबंध नाही," मी म्हटलं. पण त्यांचं ऐकायचं केव्हाच संपलं होतं.

पूर्व इंग्लंडात तर अशा स्फुरदयुक्त गोट्यांच्या खाणीच निघाल्या. १८४० च्या दशकात चार्ल्स डार्विनचे गुरू हेन्स्लो यांनी सांगितलं की याचं खत होईल. दळून, आम्ल घालून शेतांत टाकू लागले. त्यांतले बरेचसे गोटे विष्ठेचे नव्हतेच, पण नाव चिकटलं. इप्सविच शहरात खताच्या कारखान्यापाशी एक रस्ता आहे. आजही त्याचं नाव कॉप्रोलाइट स्ट्रीट. नातीने लगेच ठरवलं, लीड्सला गेल्यावर आईबाबांना तिथे न्यायला लावायचं आणि पाटीखाली उभं राहून फोटो काढायचा.

हे सगळं आपल्याकडे पहिल्यांदा टिपून ठेवणारी दोन माणसंही विलायती खेड्यांतलीच. जॉन ग्रँट मॅल्कमसन हा मद्रासच्या फौजेतला डॉक्टर, स्कॉटलंडच्या फॉरेस गावचा. त्याने आपल्या भागातल्या लाव्ह्याच्या दोन थरांमध्ये दबलेली तळी ओळखली. एक लोट येऊन गेला की पुढचा येईपर्यंत वर्षानुवर्षं जात. मधल्या काळात पाणी साचे, गोगलगायी येत, ताडासारखी झाडं उगवत, आणि मग दुसरा लोट त्यांच्यावरून जाई. त्या गोगलगायींबद्दल त्याने लिहिलेला निबंध १८४० मध्ये लंडनला छापला गेला. तोच माणूस रजेवर घरी गेला तेव्हा फॉरेसच्या आसपासच्या लाल खडकांत प्राचीन मासे शोधत बसला. इकडे गोगलगाय, तिकडे मासा. माणसाची नजर एकदा खाली वळली की गाव कोणतं याला काही अर्थ राहत नाही. १८४४ मध्ये धुळ्याला तापाने गेला.

दुसरे स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाचं नागपुरात कॉलेज आहे. जन्म १८१७ चा, स्कॉटलंडच्या डन्स गावचा. आले होते धर्मप्रसाराला, पण हातोडी सुटली नाही. नागपूरच्या आसपासचे जीवाश्म, खनिजं, दगडांची जुनी वर्तुळं, सगळं त्यांनी टिपलं. ४ सप्टेंबर १८६३ ला ते बोरीजवळच्या टाकळघाटला शिलावर्तुळं पाहायला गेले होते. परतताना अंधार झाला, ओढ्याला पाणी चढलेलं होतं. घोडा एकटाच मुक्कामावर परत आला. भादव्यातला आपल्याकडचा नाला काय असतो, हे डन्सच्या माणसाला अठरा वर्षांत कळलं नसेल असं नाही. पण दगडाच्या नादी लागलेला माणूस पाण्याकडे बघत नाही. मी नातवाला हे मुद्दाम सांगितलं, कारण पावसाळ्यात नाल्यात उतरू नको म्हटलं की त्याला ते पटत नाही.

घरी आलो तेव्हा निकाल द्यायची वेळ झाली. मी दोघांना म्हटलं, व्हिटबीकरांनी सांगितलं की हा दगड पूर्वी जिवंत होता, ते खरं निघालं. साप म्हणाले ते चुकलं. गिरडकरांनी सांगितलं की हा पूर्वी सुकामेवा होता, ते साफ चुकलं. पण हा दगड इथल्या बाकीच्या दगडांसारखा नाही, ह्याची काहीतरी वेगळी कथा आहे, हे त्यांनी शास्त्रज्ञांच्या आधीच ओळखलं. पिसदुऱ्याच्या दगडावर कुणी गोष्टच रचली नाही, आणि सगळ्यांत अचाट गोष्ट त्याचीच होती. तेव्हा पैज बरोबरीत.

नातू म्हणाला, "हे तं काहीच नाही झालं."

आजीने मात्र निकाल परस्पर लावून टाकला. थोड्या दिवसांनी तुळशीचं लग्न होतं. अंगणात उसाचा मांडव घातला, बोरं, आवळे, चिंचा ठेवल्या, नवरदेव म्हणून देवघरातला शाळिग्राम पाटावर बसवला. मग नातीच्या हातातला तो व्हिटबीचा साप घेतला, उलटसुलट करून पाहिला, कोरलेल्या मुंडक्यावरून बोट फिरवलं आणि म्हणाली, "हा नवरदेवाचा भाऊबंद आहे म्हणता ना? मग बसू दे वऱ्हाडात." वर्ध्याच्या मुलखात वऱ्हाडाला कुणी नाही म्हणत नाही.

अक्षता दोघांवरही पडल्या.